भाऊजीच्या तळहातावरचा दगड

नरक चौदस, फसली १३४६

ही वही भाऊजीनी दिली. सरकारी हाय, वर मोहोर हाय, आत बारीक रेघा. मनले, "वैनी, मला वाकून माझेच पाय दिसत न्हाईत. रोज सकाळी तुमी बघायचं. अंगठ्यानं दाबायचं आन् खड्डा किती खोल पडतो ते लिवायचं. बघितलं ते येगळं लिवा, वाटलं ते येगळं लिवा. दोन्ही कालवू नका."

मी मनलं, "कालवल्याबिगर घास गिळत न्हाई आमाला."

"मनूनच सांगायलोय," मनले.

भाऊजी म्हंजे माझे धाकटे दीर, हावगेप्पा. मी ह्या मुडबीच्या घरात सून मनून आले तवा ते गोट्या खेळायचे. पुढं शिकले, हैद्राबादेत दगडाच्या खात्यात साहेब झाले. खात्याचं खरं नाव इंग्रजी हाय, ते माझ्या तोंडात बसत न्हाई. निजामाच्या मुलखातले दगड हातोडीनं फोडायचे आन् कुठला कवाचा ते सांगायचं, त्याचा पगार. आता वजीफा, म्हंजे पेन्शन, घेऊन घरी आलेत. गंगम्मा, त्यांची बायको, आदीच गेली. लेकरू न्हाई. कल्याणी गावचे डाक्टर मनले, काळजावर पाणी चढलंय, पुढचं ऊन बघणार न्हाईत. हे त्यांच्या तोंडावरच मनले. भाऊजीनी त्यास्नी चहा पाजला.

मी मंठाळच्या पंतोजीकडं तिसरीपत्तर शिकलेली. मालक गेल्यापसून लिवायचं काम पडलं न्हाई. बघू.

बघितलं: दोन्ही पाय घोट्याच्या वर सुजलेत. मळलेल्या कणकीत बोट रुतावं तसा खड्डा पडतो.

वाटलं: मीठ बंद हाय तरी लोणच्याची बरणी उतरायलीय. चोर घरातलाच हाय.


पाडवा

मठाचे सिद्धय्या, गाव त्यास्नी अय्याच मनतं, फराळाला आले. लिंग बांधण्यापसून मातीपत्तर गावातलं सगळं त्यांच्याच हातानं व्हतं. भाऊजी उघड्या अंगानं उनात बसलेले. अय्याची नजर गळ्यावर गेली. गळा मोकळा. अय्यानी शंकरपाळे ताटात तसेच ठेवले.

जाताना माझ्या लेकाला, लिंगराजला, दारात सांगितलं. लिंगराज चुलीपाशी येऊन बसला. चुलीपाशी आला म्हंजे काम अवघड हाय.

"अव्वा, गळ्यात लिंग न्हाई तो भवी. भव्याला मळ्यात माती देता येत न्हाई. अय्या हात लावणार न्हाईत मनतेत."

"मग कुठं?"

"वड्याच्या पलीकडं. बेवारशी लोकाला देतेत तितं."

मळ्यात बेलाच्या झाडाखाली आमचे सगळे हायत. सासू, सासरा, मालक, गंगम्मा. आमच्यात माती बसवूनच देतेत, मनून बसून हायत सगळे, डाव्या हातात आपापलं लिंग धरून. माझी बी जागा मी बघून ठेवलीय, सावलीची. भाऊजी वड्यापलीकडं गेले तर मी चिडवू कुणाला? मालक तर जित्तेपणी बी हसायचे न्हाईत.

लिंगराजला दुसरीच काळजी. पोरीला निंबर्ग्याचे पावणे बघून गेलेत. चुलता भवी मनून पुरला तर ते कामून पुन्हा येतील?


सोमवार

सरळच इचारलं. "भाऊजी, लिंगाचं काय केलं? गाव मनतं तुमी फोडून बघितलं, आत काय हाय मनून."

"फोडलं असतं वैनी. तवाचा माझा हात असाच फोडाफोडीचा व्हता. पर तेवढी येळ आली न्हाई."

मग सांगितलं. नौकरीचं पहिलं साल. भीमा पुराला आलेली, कडंला वाकून दगड बघायले व्हते. गळ्यातला दोरा, शिवदारा, तुटला आन् लिंग पाण्यात. आपल्यात लिंग हरवलं की अन्न बंद, पुढं जीव बी ठेवायचा न्हाई. भाऊजी काठावर बसून ऱ्हायले, जीव जायची वाट बघत. एक धनगरीण आली, मनली काय झालं लेकरा. हेनी सांगितलं. तिनं भाकर आन् कांदा म्होरं ठेवला.

"आन् तुमी खाल्ला?"

"कांदा लई गोड व्हता वैनी."

मी हसले. मग तेच मनले, "खाऊन बी मेलो न्हाई. ते बघितलं. तवापसून दुसरं बांधलं न्हाई. देव न्हाई असं मी कवाच मनलो न्हाई. ठावं न्हाई असं मनलो."

"मग ठावं हाय मना की एकदा. अय्या खुश, लिंगराज खुश, मी खुश."

"आन् मी?"

"तुमी मळ्यात."

भाऊजी मळ्याकडं बघत बसले. वाटलं: जायचं हाय तितंच, पर तोंडानं मनवत न्हाई.


कार्तिक, पुनवेच्या आदल्या दिवशी

अय्या आले, वसरीत घोंगडी टाकून दिली. मी जवळच गोधडी शिवायला बसले. दोरा सुईत जाईना, डोळे गेलेत माझे. अय्यानी सुई घेतली, एका झटक्यात ओवली, आन् परत भाऊजीकडं वळले.

"हावगेप्पा, सरळ बोलू. मी लिंग आणलंय. बांधून घ्या. देव हाय असं एकदा तोंडानं मना. मी माझ्या हातानं तुमाला बेलाखाली बसवतो."

"अय्या, तुमी देव बघितलाय का?"

"न्हाई."

"मग कसं मनता?"

"माझ्या गुरूनी सांगितलं."

"माझ्या गुरूनी सांगितलं, बघितल्याबिगर मनू नको. आता दोघांतला कोण गुरूचं ऐकायलाय सांगा."

मला हसू आलं, सुई बोटात गेली. अय्या बी हसले, मग हसल्याचं ध्यानात आलं तशी दाढी वढली.

"तुमी वकील व्हायला पायजे व्हतं."

"वकिलाला दगड बोलतेत कुठं?"

"दगड बोलतो?"

"गप बसून बघितलं तर."

अय्या उठले. लिंगाची डबी झोळीत परत गेली. जाताना मनले, "उद्या येतो. आज माझी तयारी न्हवती."


शनवार

पाय तसेच. रातच्याला बसून झोपले.

सकाळचं त्यांचं एक हाय, लिवायचं ऱ्हायलं. अंघोळ झाली की उगवतीला तोंड करून बसतेत. डाव्या तळहातावर एक दगड घेतेत, लिंबाएवढा. अर्धा लाल, अर्धा काळा. आमच्याच मळ्यातल्या विहिरीतला हाय, पोर असताना उचललेला. उजव्या हातात भिंग. बघत बसतेत. हाक मारली तर ओ न्हाई. चहा निवतो. मी एकदा मनलं, "एवढं बघून तो दगड लाजला असंल." ऐकलंच न्हाई.

गंगम्मा बी सांगायची, हैद्राबादेत बी असंच. ती त्या दगडाला सवत मनायची.


मार्गेसर, बेस्तरवार

अय्या रोज यायलेत. लिंगराजनं त्यास्नी चुलत्याला वळवायला पाठवलं, आन् हितं दोघं दगड मांडून बसलेत. अय्या वाटंनं दिसंल तो दगड झोळीत घालून आणतेत. "हा कवाचा?" "हा उनापावसानं कुजलेला अय्या, हा तर कालचा." "काल म्हंजे?" भाऊजी लाख वरसं का काय सांगतेत. अय्या मनतेत, "मग आमच्या मठाला लई झालं तर घटकाभर झाली की."

लिंगराज दारातून बघतो आन् पाय आपटत जातो. आज मला मनला, "अव्वा, अय्या बाटायलेत."

मी मनलं, "बाटू दे. चहा आपलाच पितेत."

मग चुलत्यापाशी जाऊन बसला. लहानपणी ह्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेला. मनला, "काका, एक डाव व्हय मना. माझ्यासाठी. लेकीचं लगीन मोडंल."

भाऊजीनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लिंगराज, जन्मभर न बघितलेलं लिवलो न्हाई. साहेब लोक मनायचे, हितं सोनं हाय असं लिव. मी न्हाई लिवलं. आता शेवटच्या पानावर लिवू व्हय?"

"मग वड्यापलीकडं चालंल तुमाला?"

भाऊजी मनले, "न्हाई चालत. मला मळ्यातच जायचं हाय. पर खोटं बोलून मिळालेल्या जागेत मला बसता येणार न्हाई."

लिंगराज उठून गेला. मी बी आत गेले. कांदा न्हवता, तरी डोळ्याला पाणी आलं. हे बघितलं मदी लिवायचं का वाटलं मदी, ठावं न्हाई.


मंगळवार

अय्या आज तांबडं फुटायलाच आले. भाऊजी दगड घेऊन बसलेले. मी दारातच आडवलं, "आत जाऊ नका, सवतीपाशी बसलेत. चहा झाल्याबिगर बोलणार न्हाईत."

अय्या उंबऱ्याशी थांबले. बघितलं. मग अंगावरची शाल काढून घडी केली, बाजूला ठेवली, आन् तितंच मांडी घालून बसले. ऊन खांबावर आलं तरी बसूनच. भाऊजीनी भिंग खाली ठेवलं तसे अय्या उठले, शाल घेतली आन् चालू लागले. चहा बी घेतला न्हाई.

वाटलं: रुसले. दारात आडवलं ते मनाला लागलं. सवतीचं बोलायला नको व्हतं.


येळवस

मार्गेसरची अमाशा. आज कुणाच्या घरात चूल न्हाई, सगळं गाव शेतात. भाऊजीस्नी बैलगाडीत गाद्या टाकून नेलं. कडब्याची कोपी केली, आत पाच दगडाला चुना लावून पांडव मांडले. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. आंबील मीठ घातल्याबिगर कसली, ती त्यांनी वरपली. मी बघितलं, लिवायलेय, पर बोलले न्हाई. सणाला कुणी बोलावं.

"वैनी, ह्या पांडवातला भीम कोणचा?"

"ढेरीचा. तुमच्या शेजारचा."

"हा काळा. लाव्ह्याचा हाय."

"चुना लावलाय आता, पांडवच हाय. गप पाया पडा."

पडले. हात जोडून. मी मनलं, "हे कसं काय?" मनले, "तुमी चुना लावलाय, ते बघितलं."

अय्या बी आले, म्हंजे रुसवा गेला. जेवणं झाल्यावर भाऊजी बेलाखाली टेकून बसले, गंगम्माच्या वट्यापाशी. अय्या जवळ बसले. मी आंबिलीचं मडकं धुवायच्या निमित्तानं तितंच.

अय्या मनले, "हावगेप्पा, देवाचं सोडा. ते रोज सकाळी दगडात काय बघता?"

भाऊजीस्नी धाप लागलेली. मग मनले, "लाल कुठं संपतो आन् काळा कुठं सुरू व्हतो ते बघतो. जन्म गेला, ती रेघ सापडली न्हाई. पर बघताना भूक लागत न्हाई. पाय दुखत न्हाईत. हावगेप्पा बी ध्यानात ऱ्हात न्हाई. हे बघितलेलं हाय. त्याला काय मनायचं ते ठावं न्हाई."

अय्या वट्याकडं बघत बसले. मग मला मनले, "अक्का, आंबील हाय का अजून?"

मला वाटलं आता काय तरी मोठं बोलतील, तर आंबील. दिली.


पूस, सुरवात

पायाची सूज मांडीवर आली. अंगठा दाबायचं मी सोडलं, त्यास्नी दुखतं. भाऊजीनी इचारलं, "आज लिवलं का?" मी मनलं, "कमी हाय." मनले, "वैनी, कालवलं तुमी."

भिंग धरवत न्हाई आता. दगड मात्र डाव्या मुठीत ऱ्हातो, झोपेत बी.


बुधवार

मी एक काम केलं. हे कुणाला सांगायचं न्हाई, मनून हितं लिवायलेय.

दुपारी भाऊजी झोपले तवा मुठीतला दगड हळूच काढला. मालकाच्या धोतराचा पांढरा तुकडा घेतला, त्यात दगड बांधला, घट्ट, लिंगाच्या वस्त्रावानी. नवा शिवदारा ववला आन् गळ्यात घातला. लांबून बघितलं. कुणाला कळणार न्हाई. लिंगाएवढाच दिसतो, जरा थोराड.

जागे झाले. हात छातीवर गेला. चाचपलं. माझ्याकडं बघितलं.

मी मनलं, "तोंडानं काय बोलायचं न्हाई तुमी. गळ्यात काय हाय मनून कुणी इचारलं तर काय सांगाल?"

"माझा दगड हाय मनंन."

"खोटं हाय का?"

"न्हाई."

"बास. मग गप पडा."

हसले. हसायला बी आता खोकला लागतो. मनले, "वैनी, वजन जरा जास्त हाय." पर काढला न्हाई. दोन्ही हात त्याच्यावर ठेवून परत झोपले, लेकरू झोपतं तसे.


शुक्करवार

अय्या आले. मी चहाच्या आदीच सांगून टाकलं, "भाऊजीनी बांधलं बघा. गळ्यात हाय." अय्या आत गेले, अंथरुणाशी बसले, तो पांढरा कपडा हातात घेतला. नुसता तळहातावर ठेवला, उघडला न्हाई. असाच ठेवून बसले. जलमभर लिंगं बांधलेला माणूस, मी मनलं आता वजन कळतंय.

भाऊजीनी डोळे उघडले. "अय्या, काय हाय ते इचारणार न्हाई?"

"बघितलंय मी," अय्या मनले. "त्या दिशी सकाळी. उंबऱ्यात बसून."

मला कायबी समजलं न्हाई. त्या दिवशी तर गळा मोकळाच व्हता. दोघं मात्र एकमेकाकडं बघून असे हसले, जसं गोट्याचा डाव बरोबरीत सुटला.

भायेर येऊन लिंगराजला मनले, "मळ्यात जागा साफ करून ठेव. बेलाखाली. माझ्या हातानं बसवतो."

लिंगराज रडला. मग मला चुलीपाशी येऊन मनला, "अव्वा, तुला कसं जमलं?" मी मनलं, "बायकाचं काम हाय, तुला कळायचं न्हाई."

वाटलं: अय्याचं वय झालं. वजनाचा अंदाज बी गेला हाताचा.


ऐतवार

भाऊजी गेले. सकाळी, अंघोळीच्या येळंला. मी पायाशी व्हते. शेवटी काय बोलले इचारतेत लोक. मनले, "चहा निवला का?" मी मनलं, "गरम हाय." तेवढंच.


दुसऱ्या दिवशी

सगळं बघितलं ते लिवते. वाटलं ते आज न्हाई.

अंघोळ घातली, इभूत लावली, खांबाला टेकवून बसवलं. तोंड उगवतीला. साहेब कचेरीत बसल्यावानी दिसत व्हते. निंबर्ग्याचे पावणे बी आले, हात जोडून उभे ऱ्हायले.

मळ्यात खड्डा खणला. वर लाल मुरूम लागला, लाल लाल, आन् अर्ध्यात गेल्यावर पहार काळ्या खडकावर वाजली. खणणारे मनले आता खाली जात न्हाई. अय्या मनले, "हितंच. ह्याच्या खाली नको."

आत बसवलं. आता लिंग डाव्या तळहातावर द्यायची येळ. कपडा उघडणार, सगळे बघणार, लाल-काळा दगड. अय्या सोता खड्ड्यात उतरले, लोकाकडं पाठ करून. शाल पसरली. मी वरून बघत व्हते, मलाच तेवढं दिसत व्हतं. कपडा सोडला. दगड उनात आला, दोन्ही रंगाचा, चकाकला. अय्यानी त्याच्याकडं बघितलं, चांगलं येळ लावून. मग भाऊजीच्या डाव्या तळहातावर ठेवला, बोटं एक एक करून मिटवली, वर बेलाचं पान ठेवलं. आन् त्या मुठीला कपाळ लावलं.

मग माती. गंगम्माच्या शेजारी. मालकाच्या पलीकडं माझी सावलीची जागा हाय, तिच्यातून मालक आन् भाऊजी दोघं बी दिसतील.


माघ, शिवरातीच्या अलीकडं

लई दिवस लिवलं न्हाई. लिंगराजच्या पोरीची सुपारी फुटली. लोणच्याची बरणी जशीच्या तशी हाय, मला तिकडं बघवत न्हाई.

आज अय्या आले. वसरीत भाऊजीच्या जागी बसले. इकडचं तिकडचं बोलून मनले, "अक्का, हावगेप्पाचं ते भिंग हाय का? मला दिलं तर बरं व्हईल."

मी आणून दिलं. मला माईत हाय कामून मागायलेत. त्या दिवशी खड्ड्यात एवढा ढळढळीत लाल-काळा दगड हातात घेतला आन् माणसाला कळलं न्हाई. कातिकात सुई ओवत व्हते, पुसात दगड दिसंना. म्हातारपण असं धाडकन येतं. बिचाऱ्याला लाज वाटंल मनून मी काय बोलले न्हाई. उलट मनलं, "घ्या अय्या, वाचायला बरं पडंल."

मनले, "व्हय, वाचायलाच पायजे."

बघितलं: अय्या मळ्याच्या वाटंनं गेले. मी मागनं कोथिंबीर आणायला गेले. बेलाखाली बसलेले, उगवतीला तोंड, शाल घडी घालून बाजूला. डाव्या तळहातावर विहिरीतला एक दगड, उजव्या हातात भिंग. हाक मारली, ओ न्हाई.

वाटलं: कान बी गेले.